हालवोर दिला, मॅकिनरी घेतला

माझ्या नवऱ्याला आणि माझ्या भावाला झालेल्या गोष्टीचा निकाल लावायला फार आवडतं. पुढचं दोघांनाही कधी दिसत नाही. बर्फाचं वादळ येणार म्हणून सगळं मिशिगन आठवडाभर आधी रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या पिशव्या आणून ठेवतं, तेव्हा अरुण गराजचं दार उघडून, आभाळाकडे बघून म्हणतो, ''यंदा तसा माइल्डच वाटतोय.'' मागचं मात्र दोघांना लख्ख दिसतं. बैल गेला आणि झोपा केला, अशी आपल्याकडे म्हण आहे. हे दोघे तिच्याही पुढे गेलेत. बैल गेल्यावर झोपा करतात आणि मग झोप्याशेजारी मायक्रोफोन लावून, बैल गेला ते कसं बरंच झालं, यावर दोन तास बोलतात.

त्यांच्या पॉडकास्टचं नाव 'पश्चातबुद्धी'. त्यांनी ते विनोद म्हणून ठेवलं, मी वर्णन म्हणून वाचते. बर्फावरच्या हॉकीवर मराठीतून बोलणारा हा जगातला एकमेव कार्यक्रम आहे असं अरुण सांगतो. ते खरंही असेल, कारण दुसऱ्या कोणाला तशी गरज वाटलेली नाही. ऐकणारे म्हणजे इथल्या महाराष्ट्र मंडळातले दोन-चार जण, पुण्यात माझी आई, आणि स्वीडनमधला कोणीतरी एक. तो हालवोरचा नातेवाईक असावा अशी या दोघांची समजूत आहे. मला वाटतं, तो बिचारा चुकून बटण दाबून झोपी गेला असावा.

हालवोर कोण, ते सांगायला हवं. पेटर हालवोर हा आमच्या मिशिगन हॅमर्सचा गोलकीपर. ज्या हिवाळ्यात माझं लग्न झालं त्याच हिवाळ्यात हॅमर्सनी त्याला टेक्सास रँग्लर्सना देऊन टाकलं आणि बदल्यात डग मॅकिनरी नावाचा गोल मारणारा घेतला. व्यावसायिक हॉकीत याला ट्रेड म्हणतात. दोन साहेब फोनवर बोलतात आणि दोन माणसं आपापली बिऱ्हाडं उचलून एकमेकांच्या गावी जातात. अरुण मिशिगनमधल्या नोव्हायचा, म्हणून हॅमर्सच्या बाजूचा. माझा भाऊ यतीन टेक्सासमधल्या फ्रिस्कोचा, म्हणून रँग्लर्सच्या बाजूचा. तेव्हापासून दर थँक्सगिव्हिंगला दोघे एकच प्रश्न घेऊन बसतात, की हा ट्रेड नक्की जिंकला कोणी.

उत्तर दर वर्षी बदलतं. पहिल्या मोसमात मॅकिनरीने गोलांचा सपाटा लावला, तेव्हा हॅमर्सनी रँग्लर्सना लुटलं असं ठरलं. मग हालवोरच्या जोरावर रँग्लर्सनी कप जिंकला आणि त्या वर्षी अरुणने जेवताना ताटातून मान वर काढली नाही. मग हालवोरचा खुबा निकामी झाला, तो घरी बसला, आणि हॅमर्स पुन्हा दूरदर्शी ठरले. मग मॅकिनरी सुस्तावला. प्रत्येक वेळी दोघेही 'मी तेव्हाच म्हटलं होतं' असं म्हणतात. तेव्हा कोणी काहीही म्हटलेलं नव्हतं. तेव्हा हे दोघे लग्नपत्रिकेवर आधी कोणाचं नाव घालायचं यावर भांडत होते.

पत्रिका एकच होती, कारण लग्नं दोन असली तरी मांडव एक होता. आमचं साटंलोटं आहे. यतीनची बहीण, म्हणजे मी, अरुणला दिली, आणि अरुणची बहीण नीलांबरी यतीनने केली. खेड्यापाड्यांतली जुनी माणसं हुंडा वाचवायला असं करायची. हे दोघे अमेरिकेत मास्टर्स करताना एका खोलीत राहत होते, आणि विद्यार्थ्यांच्या स्वस्त तिकिटावर हॅमर्सची मॅच बघायला गेले असताना मध्यंतरात यांनी ते ठरवलं. 'तुझी बहीण काय करते' आणि 'तुझी काय करते' एवढं झालं, आणि तिसरा भाग सुरू व्हायच्या आत नागपूर आणि पुणे जोडलं गेलं. आम्हाला विचारलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. रीतसर बघण्याचे कार्यक्रम झाले. अरुण दिसायला बरा होता आणि ऐकून घेणारा वाटला, म्हणून मी हो म्हटलं. तो दिसायला अजून बरा आहे.

नात्यांचा त्यामुळे गुंता झाला आहे. नीलांबरी माझी नणंद आणि माझ्या मोठ्या भावाची बायको. मी तिची नणंद आणि तिच्या मोठ्या भावाची बायको. त्यामुळे दोघी एकमेकींना 'वहिनी' म्हणतो आणि बाकी अगंतुगं करतो. माझी मुलगी नैना तिला 'आत्यामामी' म्हणते.

साटंलोट्याची एक खोड मला लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात कळली. फ्रिस्कोत नीलांबरीने गाडी मागे घेताना टपालाची पेटी पाडली. यतीन चार पाहुण्यांसमोर तिच्यावर ओरडला. ती फोनवर नागपूरला आईजवळ रडली, आईने ते अरुणच्या कानावर घातलं, आणि अरुण माझ्याशी बोलेना. पेटी टेक्सासला, पाडणारी टेक्सासला, ओरडणारा टेक्सासला, आणि अबोला मिशिगनमध्ये. मी पुण्याला माझ्या आईला सांगितलं. आईने यतीनला सुनावलं, म्हणून मग तो नीलांबरीशी बोलेना. असा तो अबोला विमानभाडं न देता अर्धं जग फिरून आला.

असे आणखी काही अबोले झाल्यावर शेवटी आम्ही दोघींनी फोनवर एकमेकींना वचन दिलं, की आपल्या घरातलं भांडण माहेरी सांगायचं नाही. माझी तक्रार केली तर मार नीलांबरीला बसणार, तिने केली तर मला. तेव्हा जे काही असेल ते आपसात बोलायचं आणि तिथेच जिरवायचं. तेव्हापासून दोन्ही घरांत कशी शांतता आहे. आणि या शांततेचं श्रेय कोण घेतं? तर ज्यांनी मॅचच्या मध्यंतरात हे साटंलोटं जुळवलं ते दोघे.

तिसरे श्रेय घेणारे माझे सासरे, राजाराम. जन्मभर नागपूरच्या कोर्टात शिरस्तेदार होते. जन्मभर दुसऱ्यांचे निकाल ऐकले, स्वतःला एकही देता आला नाही. सासूबाई गेल्यापासून वर्षातले सहा महिने ते आमच्याकडे असतात, आणि ती सगळी हौस 'पश्चातबुद्धी'वर भागवून घेतात. दोघांचा युक्तिवाद संपला की घसा खाकरून दर वेळी एकच निकाल देतात, ''दोन्ही संघ जिंकले.'' मग आमच्याकडे, म्हणजे स्वयंपाकघराकडे हात करून म्हणतात, ''आमच्या घरातल्यासारखं.'' यावर तिघेही हसतात. मी दर वेळी तळणीचा गॅस मोठा करते.

यंदाही यतीन आणि नीलांबरी बुधवारीच आले. गुरुवारी दुपारी आम्ही दोघी मटारच्या करंज्या करत होतो. मी लाटत होते, ती भरत होती. आमचं स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यात भिंत नाही. अमेरिकेतल्या घरांचं मला सर्वांत न आवडणारं काही असेल तर हेच. पुरुषांचं सगळं ऐकावं लागतं. समोर अरुण वायरी जोडत होता आणि यतीन 'चेक, चेक' करत होता.

''वहिनी,'' नीलांबरी हळू आवाजात म्हणाली, ''त्या ब्रेकवाल्या कंपनीची परत जाहिरात आलीये.''

ती कोणती कंपनी ते मला विचारावं लागलं नाही. नीलांबरी लग्नाआधी पुण्यात गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घ्यायची. तिचं डोकं त्यात असं चालायचं की अरुणसुद्धा, जो स्वतः याच धंद्यात आहे, तिला विचारून घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी तिला वर्क परमिट मिळालं, तेव्हा नोव्हायमधल्या एका कंपनीत तिची मुलाखत झाली. बर्फावर गाडी किती लांब घसरते ते मोजायचं काम. ती किती खूश होती ते मी बघितलंय, आमच्याच तळघरातल्या खोलीत राहिली होती. मग सासूबाई आजारी पडल्या, ती नागपूरला धावली, आणि त्या गेल्या. परत आली तेव्हा कंपनीकडून काहीच आलेलं नव्हतं. ना होकार, ना नकार.

त्यानंतर ती बदलली. 'मला नीट बोलताच आलं नसणार, इतकी वर्षं घरी बसलेली बाई मी', असं म्हणायला लागली. पुन्हा कुठे अर्ज केला नाही. कोणी गाडीबद्दल काही विचारलं तर 'मला काय कळतंय त्यातलं' म्हणून विषय बदलायची. ज्या बाईला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं तिच्या तोंडून ते ऐकताना मला चीड यायची. पण कोणावर चिडायचं ते कळायचं नाही.

''मग कर ना अर्ज,'' मी म्हटलं.

''एकदा त्यांनी उत्तर देण्याच्या लायकीचंही समजलं नाही मला.'' तिने करंजीच्या कडेला मुरड घालायला घेतली. ''परत तेच झालं तर मला नाही झेपायचं. खरंच सांगते. यतीन पण म्हणतो, सगळ्यांना जमतंच असं नाही.''

''यतीनला काय कळतंय.''

''तसं नको म्हणूस. तेव्हा त्यानेच सांभाळलं मला.''

समोर रेकॉर्डिंग सुरू झालं. यंदा दोघांना नवीन खाद्य मिळालं होतं. हालवोरने निवृत्तीनंतर कुठल्याशा मुलाखतीत सांगितलं होतं, की त्याच्या करारात त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसरीकडे पाठवता येणार नाही असं कलम होतं. पण त्याला कोणी विचारलंच नाही. त्याच्या एजंटने परस्पर होकार कळवला. हालवोर मुलीला शाळेतून आणायला गेला होता, तिथे गाडीच्या रेडिओवर त्याने ऐकलं की आपण आता टेक्सासचे.

''म्हणजे टेक्निकली तो ट्रेड व्हॅलिडच नव्हता,'' अरुण म्हणाला. ''एजंटवर केस करायला हवी होती त्याने.''

''कशाला? कप मिळाला ना यार त्याला?'' यतीन म्हणाला. ''हॅमर्सकडे राहिला असता तर काय मिळालं असतं, घंटा? हाइंडसाइटमध्ये बघ. एजंटचा कॉल करेक्ट होता.''

''तरी विचारायला पाहिजे होतं बाप्पा,'' सासरे म्हणाले. ''नैसर्गिक न्यायाचं तत्त्व आहे ते.''

''बाबा, विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. म्हणून तर विचारलं नाही.'' यतीन हसला. त्याला स्वतःचं बोलणं आवडलं की तो खुर्चीत मागे रेलतो, लहानपणापासून. ''त्या मोमेंटला माणूस इमोशनल असतो, त्याला आपलं भलं कळत नाही. कोणीतरी त्याच्या वतीने डिसाइड करावं लागतं. आता नीलूचंच घ्या. त्या ब्रेकवाल्या कंपनीने ऑफर पाठवली होती ना, तुमच्या नोव्हायच्या. ती नागपूरला होती, आईंचं ते सगळं चाललेलं. मी तिच्या मेलवरून कळवून टाकलं, थँक यू, फॅमिली रीझन्समुळे जमणार नाही. आणि ते मेल काढून टाकले, तिला उगाच टेन्शन नको. तेव्हा कोणी मला व्हिलन म्हटलं असतं. पण आता बघा. गेल्या वर्षी त्यांनी केवढे लोक लेऑफ केले. कोण वाचलं? नीलू.''

मी नीलांबरीकडे बघितलं नाही, अरुणकडे बघितलं. ज्याला माहीत नसतं तो अशा वेळी 'काय?' म्हणतो. अरुण म्हणाला, ''यतीन, हे कट करू आपण.''

नीलांबरीने हातातल्या करंजीची मुरड शेवटपर्यंत घातली. ती ताटात ठेवली, हात धुतले, पुसले आणि बसायच्या खोलीत गेली. मी गॅस बंद करून तिच्या मागे गेले.

''ऑफर आली होती?'' तिने विचारलं.

यतीनच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. ''अगं, मी सांगणारच होतो. मग आई गेल्या, मग तू डिस्टर्ब्ड होतीस. मग राहून गेलं.''

''दोन वर्षं राहून गेलं?''

''तुझ्यावर लोड नको म्हणून केलं मी ते. तू हो म्हणाली असतीस तर वेगवेगळ्या स्टेटमध्ये राहायचं होतं का आपण? कन्फ्यूज झाली असतीस नुसती.''

''मी दोन वर्षं समजत होते की मला काही येत नाही,'' नीलांबरी म्हणाली. आवाज चढला नव्हता. ''रात्र रात्र त्या मुलाखतीतली उत्तरं आठवायचे, कुठे चुकलं म्हणून. तू शेजारी होतास. तू मला समजावायचास, सगळ्यांना जमतंच असं नाही म्हणून. हे तू कसं म्हणू शकलास?''

यतीनने मायक्रोफोनकडे बघितलं, जणू तोच काही सांगेल.

मी अरुणला विचारलं, ''तुला कधी कळलं?''

''तेव्हाच.'' तो वायरीशी चाळा करत होता. ''त्यांचा मॅनेजर भेटला होता, म्हणाला तुझी बहीण नाही म्हणाली, आम्हाला वाईट वाटलं. मी यतीनला फोन केला. तो म्हणाला, मी हँडल केलंय. मला वाटलं, आत्ता काढलं तर तिकडे भांडण होईल आणि ते मग इकडे येईल. तुलाच त्रास झाला असता ना, अहिल्या. तुझ्यासाठीच गप्प बसलो.''

माझ्यासाठी. हे ऐकल्यावर मला अरुणची इतकी घृणा वाटली की क्षणभर मी त्याचा चेहराच नीट बघू शकले नाही. टेक्सासच्या प्रत्येक टपालपेटीचा हिशोब हा माणूस माझ्याशी अबोला धरून चुकता करत आला. आणि जेव्हा बहिणीसाठी खरंच तोंड उघडायची वेळ आली तेव्हा याला माझी काळजी वाटली.

सासऱ्यांनी घसा खाकरला. ''हे पहा,'' ते म्हणाले, ''पद्धत चुकली, यात वाद नाही. यतीनरावांनी विचारायला पाहिजे होतं. पण परिणाम पाहिला तर, कंपनीने माणसं काढली हे खरं आहे. म्हणजे प्रत्यक्ष नुकसान झालं असं म्हणता येत नाही. दोन्ही घरं नीट चाललेली आहेत. तेव्हा एकंदरीत विचार करता...''

''बाबा, निकाल राखून ठेवा,'' मी म्हटलं.

सासऱ्यांना मी असं कधी बोलले नव्हते. ते थांबले.

''तिची नोकरी गेली असती म्हणता. बरं, गेली असती. स्वतः मिळवलेली नोकरी होती, स्वतः घालवली असती. आणि दुसरी शोधली असती, कारण तोपर्यंत तिला माहीत असतं की आपल्याला येतं. यांनी तिची नोकरी नाही घेतली, बाबा. तिला स्वतःबद्दल जे वाटत होतं ते घेतलं. आणि वर दोन वर्षांनी मागे वळून म्हणतात, बघा कसं वाचवलं.''

''Mom, is it still recording?'' नैनाने जिन्यावरून विचारलं. लाल दिवा चालूच होता. कोणी तो बंद केला नाही.

''मी परत जात नाही,'' नीलांबरी म्हणाली. ''त्यांची जागा निघालीये. अर्ज करते आणि इथेच राहते.''

''आणि व्हिसा?'' यतीनचा आवाज आता बदलला. ''तुझं वर्क परमिट माझ्या व्हिसावर आहे, विसरू नकोस.''

''विसरू कशी? तू आठवड्याला एकदा सांगतोस. वापरू मात्र दिलं नाहीस.''

सासरे खुर्चीतून पुढे झुकले. आता ते न्यायमूर्ती राहिले नव्हते, नुसता घाबरलेला बाप होता. ''पोरी, ऐक माझं. तू नवरा सोडून माहेरी येऊन बसलीस की अहिल्येच्या माहेरचे गप्प बसतील का? ते म्हणतील, आमची परत पाठवा. साटंलोटं एका बाजूने मोडत नाही कधी. आज तुझं मोडेल, उद्या हिचं. या लेकराकडे तरी पहा,'' त्यांनी जिन्याकडे हात केला.

''करेक्ट,'' यतीन म्हणाला. ''मग अहिल्येला मी घेऊन जातो फ्रिस्कोला. इव्हन ट्रेड.''

तो हे हसून म्हणाला. गंमतच होती ती, त्याच्या मते. पण कोणी हसलं नाही, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. अरुणसुद्धा. मी त्याची वाट बघितली. 'काहीतरी काय बोलतोस' एवढं जरी तो म्हणाला असता तरी मला पुरलं असतं. तो वायर गुंडाळत राहिला.

नीलांबरीनेही माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत मला दिसलं की ती माघार घेणार. माझ्यासाठी. आम्ही एकमेकींना दिलेलं वचनच तसं होतं, आपल्या बोलण्याचा मार दुसरीला बसू द्यायचा नाही. तिने 'राहू दे' म्हटलं असतं आणि रविवारच्या विमानात जाऊन बसली असती. मग पुढच्या थँक्सगिव्हिंगला सासऱ्यांनी पुन्हा दोन्ही संघांना जिंकवलं असतं.

''ती माहेरी येऊन बसत नाहीये,'' मी म्हटलं. ''हे तिच्या बापाचं घर नाही आणि भावाचंही नाही. निदान आज तरी नाही. हे माझं घर आहे आणि ती माझ्याकडे राहणार आहे. माझी मैत्रीण म्हणून. यात तुमचं साटंही नाही आणि लोटंही नाही.''

''तू माझी बहीण आहेस,'' यतीन म्हणाला.

''म्हणून तर तुला आज घराबाहेर काढत नाही. जेव, झोप, आणि उद्या जा. आईला काय सांगायचं ते सांग.''

नीलांबरी जेवणाच्या टेबलाशी बसली आणि तिने लॅपटॉप उघडला. आधी तिने पासवर्ड बदलला. ते मी बघितलं, यतीननेही बघितलं. मग ती लिहायला लागली. बराच वेळ लिहीत होती. मी करंज्या तळल्या, कारण भरलेल्या करंज्या तशाच ठेवल्या तर पारी ओली होते, आणि या पुरुषांपायी अन्न कशाला वाया घालवायचं.

अरुण मध्येच तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. ''मी ड्राफ्ट बघू का? त्यांच्याकडे कसं लिहायचं ते मला माहितीये.''

''नको, दादा.''

यतीन शुक्रवारी एकटा गेला. शनिवारी पुण्याहून आईचा फोन आला. भावाचा संसार बहिणीने मोडल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं, आणि मी तिला मेले, असं म्हणून तिने फोन ठेवला. तिने पॉडकास्ट न ऐकताच निकाल दिला होता. मला वाईट वाटलं, फार वाटलं. आईशी बोलल्याशिवाय माझा रविवार जात नाही. पण परत फोन करून 'चुकलं' म्हणावं असं एकदाही वाटलं नाही.

अरुण नेहमीप्रमाणे गप्प झाला. सवयच ती. फ्रिस्कोत काही झालं की नोव्हायला अबोला. रविवारी सकाळी तो चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा होता, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, ''अबोला धरायचा तर धर. पण या वेळी कोणाच्या वतीने धरलायस तेवढं सांग. बहिणीच्या बाजूने असशील तर मी तिच्याच बाजूला आहे. आणि मेहुण्याच्या बाजूने असशील तर तसं तिच्या तोंडावर म्हण.'' त्याने कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मग म्हणाला, ''मला लाज वाटतेय.'' नऊ वर्षांत त्याने मला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. ती मी ऐकून घेतली. माफ केलं असं नाही.

सोमवारी दुपारी कंपनीचं उत्तर आलं. नीलांबरीने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. ''अहिल्या, वाच,'' ती म्हणाली. नावाने तिने मला पहिल्यांदाच हाक मारली, आणि ते तिच्या लक्षातही आलं नसावं. तोच मॅनेजर होता. त्याने लिहिलं होतं, की तुमचा नकार आला तेव्हा आम्हाला फार आश्चर्य वाटलं होतं, कारण त्या वर्षी आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांत तुमच्याइतकं स्पष्ट कोणी बोललं नव्हतं. जुनी जागा आता देता येणार नाही. नव्या जागेसाठी पुन्हा मुलाखत द्यावी लागेल. या आठवड्यात जमेल का?

'स्पष्ट' या शब्दापाशी तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. मग रडली. मीही रडले, लपवण्यासारखं काय आहे त्यात.

ती नोकरी तिला मिळेल किंवा मिळणार नाही. मिळाली तर टिकेल किंवा जाईल. काहीही झालं तरी पुढच्या वर्षी कोणीतरी मागे वळून सांगेलच, की आम्ही तेव्हाच म्हटलं होतं.

अरुण ऑफिसातून आला तेव्हा आम्ही दोघी टेबलाशीच होतो. त्याने बूट काढले, कोट टांगला. सासरेही खोलीतून बाहेर आले. आमच्या चेहऱ्यांवरून दोघांना कळलं काय ते.

''आलं का काही?'' अरुणने विचारलं. ''काय म्हणतात?'' आणि मग खुर्ची ओढून, बाही सारून, नेहमीच्या सुरात, ''बरं, मग आपण काय कळवायचं त्यांना?''

नीलांबरीने लॅपटॉप मिटला.

''कळवलं मी,'' ती म्हणाली.